लवंगेचं तेल, ओव्याचं तेल आणि पाण्यातले जंतू: या चुका टाळा

सोलापुरात पाण्याचा विषय निघाला की माणूस अर्धा तास थांबत नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तेही कधी पहाटे कधी रात्री, मग हौद, सिंटेक्स, निळे ड्रम, घागरी सगळं भरून ठेवायचं आणि पुढची पाळी येईपर्यंत त्यावरच भागवायचं. उजनीच्या पाइपलाइनचं असो, टाकळीला भीमेतून उचललेलं असो नाहीतर हिप्परग्याच्या तलावाचं, पाणी शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घेऊनच निघतं, पण चौथ्या दिवशी ड्रमच्या तळाला त्या क्लोरीनचं काहीच उरलेलं नसतं आणि तोवर घरातल्या प्रत्येकाचा हात तांब्यासकट त्यात बुडून गेलेला असतो. मग कुणीतरी व्हिडिओ बघतं, लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाका, तुळशीचा अर्क टाका, जंतू खल्लास.

दुसरीकडं मायक्रोबायोलॉजीची पोरं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सीला प्रोजेक्ट म्हटलं की चार-पाच जणांचा विषय हमखास हाच, सुगंधी तेलं म्हणजे इसेन्शियल ऑइल्स आणि दूषित पाण्यातले बॅक्टेरिया. विषय चांगलाय, स्वस्तात होतो, आणि रिझल्ट पण येतो. पण मला दोन्हीकडचे प्रश्न ऐकायला मिळतात, पोरगं धावत येतं "सर, 22 चा झोन आला!" (म्हणजे प्लेटवर तेलाभोवती 22 मिलिमीटरचं, जंतू न वाढलेलं वर्तुळ) आणि शेजारच्या काकू गेटवरनं विचारतात "टाकीत किती थेंब टाकू ओ?", आणि दोन्हीकडं घोटाळा एकाच जागी होतोय. प्लेटवर जंतूची वाढ थांबली म्हणजे पाणी पिण्यालायक झालं असं धरून चालतात. या दोन गोष्टींच्या मध्ये बरंच काही आहे, तेच खाली लिहितोय, आधी लॅबवाल्यांसाठी आणि मग घरवाल्यांसाठी.

बाटलीत नक्की काय आहे ते बघितलंच नाही

पहिला गोंधळ तेलाच्या जातीचा. कडुनिंबाचं तेल, करंजाचं तेल, तिळाचं तेल ही बियांतून दाबून काढलेली स्थिर तेलं, ती उडून जात नाहीत. इसेन्शियल ऑइल म्हणजे वाफेवर उडणारं, पान, कळी, साल, बी उकळून वाफेबरोबर बाहेर काढलेलं. प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर निंबाचं तेल इसेन्शियल ऑइल म्हणून लिहिलेलं असतं आणि तिथंच परीक्षकाचा पेन थांबतो.

दुसरं म्हणजे बाजारातली बाटली. अगरबत्तीवाल्यांकडं मिळतं ते फ्रेगरन्स ऑइल, वास तोच पण आत केमिकल वेगळं, शिवाय त्यात पातळ करायला भलतंच काही घातलेलं असू शकतं. लवंगेच्या तेलाची साधी परीक्षा घरी पण करता येते. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि ड्रॉपरने एक थेंब हळूच सोडा, खरं तेल पाण्यापेक्षा जड असतंय, घनता साधारण 1.05, त्यामुळे थेंब किंचित पिवळसर गोळी होऊन सरळ तळाला जाऊन बसतो. थोडं वर तरंगत राहिलं तर पृष्ठताणामुळं असेल, काडीने ढकलून बघा, तरीही वरच येऊन पसरलं तर त्यात दुसरं हलकं तेल आहे. फिल्टर पेपरवर थेंब टाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पण तेलकट पारदर्शक डाग तसाच असेल तर स्थिर तेलाची भेसळ समजा. लॅबमध्ये रिफ्रॅक्टोमीटर असला तर लवंगेला 1.53 च्या आसपास रीडिंग यायला पाहिजे. आणि पैसे असतील तर जीसी-एमएस (तेलातले घटक वेगळे करून मोजणारी तपासणी) करून घ्या, कारण तेलात युजेनॉल, म्हणजे लवंगेचा मुख्य घटक, किती हे त्यातून नीट कळतं.

ते सांगणं गरजेचं का, तर एकाच झाडाचं तेल एकसारखं नसतं. तुळशीच्या एका जातीत युजेनॉल जास्त, दुसरीत मिथाइल चॅव्हिकॉल किंवा मिथाइल युजेनॉल. ओव्यात थायमॉल, गवती चहात सिट्रल 70 ते 80 टक्के, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, नीलगिरीत सिनिओल. थायमॉल, कार्व्हाक्रॉल, युजेनॉल असले फिनॉल जातीचे घटक असलेली तेलं आणि दालचिनी, ही बॅक्टेरियावर सगळ्यात जोरात चालतात. नीलगिरी आणि लिंबू-संत्र्याच्या सालीची तेलं बहुतेक वेळा मागं पडतात. वास जेवढा उग्र तेवढं तेल जोरदार असं काही नाही.

स्वतः काढत असाल तर क्लेव्हेंजर उपकरणावर तीन-चार तास उकळायला लागतं. लवंगेच्या कळीतून 15 टक्क्यांच्या पुढं तेल निघतं म्हणून पोरं खूश होतात, मग तेच तुळशीला करायला जातात आणि "सर तेलच नाही आलं" म्हणतात. येणारच नाही, ओल्या तुळशीच्या पानात जेमतेम अर्धा टक्का, कधी त्याहून कमी. 200 ग्रॅम पानं घातली तर हाताला लागतं ते एक मिलीच्या आत. आणि लवंग-दालचिनीला पाण्यापेक्षा जड तेलाचा क्लेव्हेंजर वेगळा येतो, साध्या हलक्या तेलाच्या नळीत ते तेल परत फ्लास्कमध्ये वाहून जातं आणि माणूस रिकाम्या नळीकडं बघत बसतो. निघालेलं तेल गडद काचेच्या बाटलीत, गच्च बूच लावून, 4 अंशाला फ्रीजमध्ये ठेवा. प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवलं तर प्लॅस्टिक फुगतं नाहीतर तेल शोषलं जातं. आणि हे ऐकून हसू येईल पण होतंय, तेल "स्टराइल करायचं" म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये घालणारे आहेत. अहो, वाफेवर उडणारी वस्तू आपण वाफेतच शिजवतोय! गरजच वाटली तर 0.22 मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळा.

झोन मोजला पण त्याचा अर्थ लावला नाही

डिस्क, म्हणजे तेल टाकायची कागदाची गोल चकती, 6 मिलिमीटरची असते आणि झोन मोजताना डिस्क धरूनच मोजतात. म्हणजे टेबलमध्ये "6 मिमी" लिहिलं असेल तर तो शून्य आहे, तिथं काहीच झालेलं नाही. हे मी दरवर्षी कुणाच्या तरी थीसिसमध्ये "मॉडरेट ॲक्टिव्हिटी" म्हणून वाचतो.

त्याहून मोठी चूक अँटिबायोटिकशी तुलना. जेंटामायसिनची डिस्क 10 मायक्रोग्रॅमची, ई-कोलाय बॅक्टेरियाच्या एटीसीसी 25922 या प्रमाणित स्ट्रेनवर तिचा झोन 19 ते 26 मिमी यायला पाहिजे. लवंगेचं तेल डिस्कवर टाकलं 10 मायक्रोलिटर, झोन आला 22, निष्कर्ष काय तर लवंग जेंटामायसिनच्या तोडीची. थांबा मालक. 10 मायक्रोलिटर तेल म्हणजे साधारण 10 मिलिग्रॅम, म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅम. हजारपट माल टाकून बरोबरी झाली! आणि बरोबरी पण खरी नाही, कारण अँटिबायोटिक पाण्यात विरघळून आगारमधून (प्लेटमधल्या जेलीतून) पसरतं आणि तेल पसरत नाही, ते डिस्कजवळच अडकून बसतं किंवा उडून झाकणाला जाऊन लागतं. त्यामुळं दोन तेलांच्या झोनची एकमेकांशी तुलना पण जपूनच करायची. छोटा झोन म्हणजे तेल कमकुवत असं नाही, नीट पसरलं नाही एवढंच असू शकतं.

उडणाऱ्या वाफेचा आणखी एक त्रास म्हणजे एकाच प्लेटमध्ये ओवा, लवंग, नीलगिरी आणि टी ट्री अशा चार डिस्क शेजारी-शेजारी ठेवल्या की ओव्याची वाफ सगळ्या प्लेटवर फिरते, नीलगिरीभोवती पण वाढ विरळ दिसते आणि श्रेय नीलगिरीला जातं. एका प्लेटला एकच तेल, आणि कंट्रोलची प्लेट त्या ढिगाऱ्यापासून लांब, जमलं तर वेगळ्या डब्यात.

बाकी नेहमीची कारणं म्हणजे आगारची जाडी 4 मिमी नसणं (90 मिमीच्या प्लेटला साधारण 25 मिली ओतायचं, पोरं पैसे वाचवायला 15 मध्ये भागवतात, मग झोन उगाच मोठे) आणि इनॉक्युलम (प्लेटवर पसरायचे बॅक्टेरिया) डोळ्याने ठरवणं. मॅकफारलंड 0.5, म्हणजे गढूळपणा जुळवून बघायची ट्यूब, करायला काही लागत नाही, 1 टक्का सल्फ्युरिक ॲसिड 9.95 मिली आणि 1.175 टक्के बेरियम क्लोराइड 0.05 मिली, ट्यूब बंद करून ठेवा, वापरायच्या आधी हलवा. त्या गढूळपणाला ई-कोलायचं सस्पेन्शन मिलीला साधारण 1.5 गुणिले 10 चा आठवा घात एवढं असतं. तयार झाल्यावर 15 मिनिटांत प्लेटवर पसरायचं, मध्ये चहाला जायचं नाही.

आणि आता खास सोलापूरचं. साधा इनक्युबेटर फक्त गरम करतो, थंड करत नाही. एप्रिल-मे मध्ये खोलीतच 41-42 असेल तर काटा 37 वर लावून काय उपयोग, आतलं तापमान खोलीच्या खाली जाणारच नाही, उलट दोन-तीन अंश वरच. बॅक्टेरिया नीट वाढत नाहीत, लॉन, म्हणजे प्लेटवरचा बॅक्टेरियांचा सलग थर, विरळ येतो, तेल डिस्कवरून भराभर उडतं, आणि झोनचे आकडे जानेवारीच्या आकड्यांशी जुळत नाहीत. "सर, तेल खराब झालं का?" तेल नाही, हवामान. कूलिंगवाला बीओडी इनक्युबेटर मिळत असेल तर तो धरा, नाहीतर उन्हाळ्यात ही कामं काढूच नका, दिवाळीनंतर करा. आत थर्मामीटर ठेवून रोज वाचन लिहा, डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका. लाइट गेली की किती वेळ गेली तेही लिहा.

एमआयसी काढताना तेल वर, ब्रॉथ खाली

एमआयसी म्हणजे जंतूंची वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी तेल. तेल पाण्यात मिसळत नाही हे चौथीच्या पोराला माहीत असतं पण मायक्रोटायटर (बारीक खड्ड्यांची) प्लेट हातात आली की विसरायला होतं. नुसतं तेल ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या पातळ द्रावात) टाकून डायल्युशन केलं की पहिल्या खड्ड्यात सगळं तेल आणि पुढं नुसता ब्रॉथ, किंवा पिपेटच्या टिपलाच अर्धं तेल चिकटलेलं. ट्वीन 80 अर्धा टक्का किंवा डीएमएसओ (शेवटच्या मिश्रणात 1 टक्क्याच्या वर नको) वापरा, नाहीतर 0.15 टक्के आगार ब्रॉथमध्ये घाला, त्याने तेलाचे कण तरंगते राहतात, आणि दर पायरीला चांगलं व्हॉर्टेक्स करा. ट्वीन जास्त झालं तर तेलाचे फिनॉल त्याच्याच गोळ्यांत अडकतात आणि तेल नालायक ठरतं, त्यामुळं "अजून थोडं घालू" नको.

कंट्रोल तर घ्याच: बॅक्टेरिया आणि ट्वीन तेलाशिवाय, तेल आणि ब्रॉथ बॅक्टेरियाशिवाय, नुसता ब्रॉथ. मधला सगळेच विसरतात, आणि तोच जास्त कामाचा, कारण तेलाचं इमल्शन स्वतःच दुधासारखं गढूळ दिसतं, वाढ झाली की तेल दिसतंय हे डोळ्याला कळत नाही. रेझाझुरिन हा रंग घातला तर निळं म्हणजे वाढ नाही, गुलाबी म्हणजे वाढ, पण काही तेलं रंग स्वतःच बदलवतात, म्हणून परत तोच कंट्रोल. शेवटचं इनॉक्युलम मिलीला 5 गुणिले 10 चा पाचवा घात ठेवा. प्लेट सील करा, नाहीतर कडेच्या खड्ड्यांतलं तेल उडून शेजारी जातं. पॉलिस्टायरिनची प्लेट काही तेलांनी धुरकट होते, असं झालं तर पॉलिप्रॉपिलिनची घ्या किंवा सरळ काचेच्या ट्यूबमध्ये करा, जुनी पद्धत असली तरी काही बिघडत नाही.

मेले का नुसते दबले?

इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पाण्यावरचे निम्मे प्रोजेक्ट इथंच आपटतात.

पोरगं काय करतं, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आणतं, त्यात अर्धा टक्का लवंग तेल घालतं, तासभर ठेवतं, मग त्यातलं एक मिली घेऊन प्लेट ओततं. दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी. 100 टक्के मारले! पण त्या एक मिलीबरोबर तेलही प्लेटमध्ये गेलं. 20 मिली आगारमध्ये ते 0.025 टक्के झालं, आणि पाण्यात जखमी झालेला, अर्धमेला बॅक्टेरिया एवढ्या तेलात पण उठत नाही. तो मेलेला नाही, दबलाय. तेच पाणी माणसाच्या पोटात गेल्यावर तेल पातळ होणार आणि जंतू उठून बसणार.

म्हणून न्यूट्रलायझर, म्हणजे तेलाचा असर संपवणारा द्राव, पाहिजे. नमुना आधी ट्वीन 80 आणि लेसिथिन असलेल्या द्रावात दहापट-दहापट पातळ करायचा, डीई न्यूट्रलायझिंग ब्रॉथ तयार मिळतो तोही चालतो, आणि मग प्लेट किंवा मेंब्रेन फिल्टर. मेंब्रेनवर धुऊन घेता येतं हा आणखी फायदा. मग न्यूट्रलायझर खरंच काम करतोय का ते तपासायला तेल अधिक न्यूट्रलायझरच्या मिश्रणात शंभरेक जिवंत बॅक्टेरिया टाकून ते सगळे उगवतात का बघायचं. उगवले तरच तुमच्या कोऱ्या प्लेटला अर्थ. हे एक पान थीसिसमध्ये असलं की परीक्षक पुढचं नीट वाचतो.

दुसरी बाजू, बॅक्टेरिया स्वतःहून पण मरतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकलेला कल्चर तसाही तासाभरात खचतो, त्यामुळं तेल न घातलेला नमुना तेवढाच वेळ, त्याच तापमानाला ठेवून त्याचाही काउंट घ्यायचा. बॅक्टेरिसायडल म्हणायचं असेल तर 99.9 टक्के घट, म्हणजे तीन लॉग. दहातले नऊ मेले हे ऐकायला भारी वाटतं पण पाण्याच्या हिशोबात ते काहीच नाही, कारण पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस 10500, म्हणतं 100 मिलीमध्ये ई-कोलाय अजिबात सापडता कामा नये. लाखातले नव्वद हजार मारले तरी दहा हजार शिल्लकच की.

एच-टू-एस बाटलीचं पण तसंच. ही टेस्ट आपल्याकडचीच, 1982 साली मांजा, मौर्य आणि राव यांनी मांडली, पाणी ओतून ठेवायचं, दूषित असेल तर 24 ते 48 तासांत काळं होतं. ग्रामपंचायतीत, शाळेत सगळीकडं वापरतात. तेल घातलेलं पाणी त्या बाटलीत ओतलं तर काळं होणार नाही, आणि त्याचा व्हिडिओ पण मस्त बनतो! बाटलीतल्या बॅक्टेरियांना तेलाने दाबून ठेवलंय एवढाच त्याचा अर्थ.

नमुना आणतानाच्या चुका पटकन सांगतो. नळाचं पाणी दोन-तीन मिनिटं सोडून मग घ्या, पाळीचं पहिलं पाणी गढूळच येतं. बाटली स्टराइल, आणि क्लोरीनचं पाणी असेल तर आत सोडियम थायोसल्फेट, नाहीतर बाटलीत पण क्लोरीन जंतू मारत राहतो आणि कौतुक तेलाचं होतं. बर्फाच्या डब्यात आणा, सहा तासांच्या आत लावा, उशिरात उशिरा 24. पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं नमुने आणणारे एसटीत बाटल्या मांडीवर घेऊन बसतात, त्या उकाड्यात सोलापूरला येईपर्यंत आतलं चित्र पार बदलतं.

सगळ्या जंतूंना एकच काठी

हगवण, टायफॉइड, कॉलराचे जंतू, ई-कोलाय, शिगेला, साल्मोनेला, व्हिब्रिओ, हे सगळे ग्रॅम निगेटिव्ह. यांच्यावर बाहेरनं लिपोपॉलिसॅकराइडचं एक जादा आवरण असतं, तेलकट रेणूला ते अडवतं. म्हणूनच स्टॅफिलोकॉकसवर झकास चाललेलं तेल ई-कोलायवर ढेपाळतं. तेल आत पोचलं की पेशीच्या पडद्यात घुसून तो गळका करतं, पोटॅशियम बाहेर, ऊर्जा संपली, खेळ खलास. पण स्यूडोमोनास एरुजिनोसा आत आलेलं पंपाने परत बाहेर फेकतो, टाकीच्या भिंतीवर बुळबुळीत थर करून बसतो, आणि जवळजवळ कुठल्याच तेलाला दाद देत नाही. तो रेझिस्टंट आला म्हणून रिझल्ट लपवू नका, तोच अपेक्षित आहे. स्टॅफ ऑरियसवरचे आकडे देऊन "पाण्यातल्या जंतूंवर प्रभावी" हे शीर्षक देऊ नका एवढंच.

आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार माहीतच आहे, गीझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होते. कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या बाहेरच्या आवरणाला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळं डिस्टिल्ड वॉटरमध्ये आलेला आकडा बोअरच्या पाण्यात तसाच येईल असं धरू नका. गढूळ पाण्यातली माती आणि सेंद्रिय कचरा पण तेल ओढून घेतो. दोन्ही पाण्यांत करून बघा, फरक दिसला तर तोच तुमच्या प्रोजेक्टचा खरा मुद्दा. स्ट्रेन मात्र पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या कल्चर संग्रहांमधून नंबरासकट घ्या. कॉलरा-टायफॉइडचे कल्चर बायोसेफ्टी लेव्हल 2 ची सोय असल्याशिवाय हाताळायचे नाहीत, आणि झालेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या.

आता काकूंच्या टाकीचा हिशोब

लॅबमध्ये चांगलं तेल साधारण 0.1 टक्क्याच्या आसपास ई-कोलायची वाढ थांबवतं, थोडं इकडं-तिकडं. तोच आकडा घरी लावू. 20 लिटरच्या कॅनला 20 मिली तेल. हजार लिटरच्या टाकीला एक लिटर! दोन थेंब कुठं आणि एक लिटर कुठं. आणि लवंगेच्या तेलाचा लिटरचा भाव विचारून बघा, त्यापेक्षा जारचं पाणी स्वस्त पडेल.

बरं, पैसे आहेत म्हणून टाकलं समजा. एका ग्लासाला, 250 मिलीला, पाच थेंब झाले. दाढ दुखताना लवंग तेलाचा बोळा लावलाय ना कधी? जीभ बधिर होते ती तशी, आणि हे दिवसभर प्यायचं. युजेनॉल रोज किती पोटात गेलेलं चालतं याची जागतिक तज्ज्ञ समितीने ठरवलेली मर्यादा शरीराच्या किलोला 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 150 मिलिग्रॅम. 0.1 टक्क्याचं पाणी दिवसाला दोन लिटर प्यायलं तर जवळपास दोन ग्रॅम तेल, त्यात 80 टक्के युजेनॉल धरलं तर 1,600 मिलिग्रॅम. दहापटीच्या वर. पोराचं वजन 15 किलो असेल तर त्याचा हिशोब तुम्हीच करा. मोठ्या माणसाचं असं, तर नीलगिरीच्या तेलाचं काय, ते तान्ह्या-लहान पोरांच्या पोटात काही मिली गेलं तरी झटके येऊ शकतात, ती बाटली पाण्याच्या टाकीजवळ पण नको आणि पोराच्या हाताला लागेल अशी पण नको. "नैसर्गिक आहे" म्हणून चालतं असं नसतं, धोतरा पण नैसर्गिकच आहे.

मग दोन थेंबच टाकले तर? तर जंतूंना काही होत नाही, पाण्याला वास येतो आणि वास आला की मन निर्धास्त होतं, हाच धोका. उकळायचं राहून जातं.

तुळशीची पानं माठात टाकणाऱ्यांचं पण गणित बघा. मूठभर, 10 ग्रॅम पानं, अर्धा टक्का तेल धरलं तर 50 मिलिग्रॅम, तेही सगळं पाण्यात उतरलं असं धरून. 20 लिटरला लिटरमागं अडीच मिलिग्रॅम. पाहिजे होते लिटरला हजार. चारशेपट कमी. वाळा माठात टाकतात उन्हाळ्यात, तो वासाला आणि गारव्याच्या भावनेला छानच, माझ्या घरी पण असतो, पण पाणी आधी शुद्ध करून मग वाळा.

तेल आणि क्लोरीन एकत्र

"दोन्ही टाकलं तर डबल फायदा ना?" नाही ना. थायमॉल, युजेनॉल हे क्लोरीनशी स्वतःच भांडत बसतात, क्लोरीन त्यांच्यावर खर्ची पडतो, जंतूंसाठी उरत नाही, शिवाय क्लोरीन आणि फिनॉल मिळून जो औषधी घाण वास येतो तो पाणी तोंडात धरू देत नाही. नळाच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम असायला पाहिजे, तेल टाकून आपणच तो संपवतो.

घरी करायचं ते जुनंच आणि स्वस्त. गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात घ्या. मग आरोग्य केंद्रातून मिळणारं मेडिक्लोर किंवा जीवन ड्रॉप बाटलीवर लिहिलंय तेवढंच, आणि अर्धा तास थांबा. टाकीला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घालत असाल तर चांगल्या, 33 टक्के क्लोरीनच्या पावडरीचा अंदाज हजार लिटर स्वच्छ पाण्याला अडीच ग्रॅम, आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं पाणी टाकीत. पावडरचं पोतं उघडं राहिलेलं असेल तर त्यात दम नसतो, वासावरनं पण कळतं. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळं होतंय का बघा, पिवळं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. यातलं काहीच जमत नसेल तर खदखदा एक मिनिट उकळा, झाकून गार करा, आणि तांब्या बुडवायच्या जागी तोटीचं पिंप वापरा. हे शेवटचं कुणी मनावर घेत नाही, पण घरात पाणी खराब होतं ते बहुतेक हातानेच.

टाकलंच असेल तर

टाकीत तेल टाकून बसला असाल तर ते पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला नको, झाडांना पण नको, संडास-अंगणाला चालेल. वरून टीसीएल ओतायची घाई करू नका, वर सांगितलं तेच होईल. टाकी रिकामी करा, भिंतीवर तेलाचा पातळ थर बसलेला असतो तो भांड्याच्या साबणाने आणि ब्रशने घासून काढा, दोनदा धुवा, लवंगेचं असेल तर तळ आणि कोपरे जास्त घासा कारण ते खालीच बसतं. मग स्वच्छ पाणी भरून क्लोरीन. सिंटेक्सच्या प्लॅस्टिकमध्ये ओव्याचा वास बरेच दिवस राहतो, त्याला घाबरू नका, झाकण उघडून वारा लागू द्या (जाळी बांधून, नाहीतर डासांची सोय होईल). आणि पाण्याच्या वरच्या थरावर तेलाचे रंगीत वलय परत दिसलं तर बॉल व्हॉल्व्ह आणि बाहेरच्या पाइपाचं तोंड बघा, धुताना तिथंच राहून जातं.